बुटांवरची वाळू

वाळवंटात तिघेजण उभे आहेत. दोन शिपाई आणि त्यांचा वरिष्ठ. वरिष्ठाचा पोशाख एखाद्या विदूषकाला शोभेल असा, लाल-पिवळा-हिरवा, भडक, आणि तोंडाला रंग फासलेला. सम्राटानं आपल्याला असल्या भिकार मोहिमेवर धाडलं म्हणून त्याची तणतण चालली आहे. मग त्याची नजर पायांकडे जाते. बुटांना वाळू लागली आहे. तो शिपायांवर खेकसतो. शिपाई लगबगीनं पुढे होतात, बूट झटकतात आणि पुन्हा आपापल्या जागी उभे राहतात. पुढचं पाऊल टाकलं की वाळू पुन्हा लागणार, हे शिपायांनाही कळतं आणि खेळणाऱ्यालाही.

खेळणारा हसतो. हसायलाच हवं, कारण प्रसंग त्यासाठीच रचलेला आहे. हा माणूस पुढे जगाचा नाश करणार आहे, याची खेळणाऱ्याला कल्पना नसते. आणि नुसती धमकी देऊन, ऐन वेळी नायकाकडून मार खाऊन गप्प बसणारा हा खलनायक नव्हे. हा खरोखरच जग मोडतो, आणि तेही अर्धा खेळ शिल्लक असताना.

त्याचं नाव केफ्का पलाझो. खेळ 'फायनल फँटसी ६'. जपानच्या स्क्वेअर कंपनीनं तो २ एप्रिल १९९४ रोजी सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी बाजारात आणला. त्याच वर्षी तो अमेरिकेत पोचला तेव्हा त्याच्यावर आकडा होता ३, कारण मालिकेतले मधले काही भाग तिकडे गेलेच नव्हते. दिग्दर्शक दोघे होते, योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो. निर्माता हिरोनोबु साकागुची, संगीत नोबुओ उएमात्सु, आणि पात्रांची मूळ चित्रं योशिताका आमानो यांची. आमानोंच्या कुंचल्यातला केफ्का सुंदर आहे, वाऱ्यावर उडणाऱ्या वस्त्रांचा, नाजूक रेषांचा. पडद्यावर मात्र त्यातलं फारसं काही उतरू शकत नव्हतं. तिथे एका पात्राच्या वाट्याला साधारण सोळा ठिपके रुंदी आणि चोवीस ठिपके उंची यायची. सगळे मिळून ३८४ ठिपके. त्यातच टोपी, चेहरा, अंगरखा आणि पाय बसवायचे.

निळू फुले पडद्यावर आले की गावोगावच्या बायका त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या, असं आपल्याकडे सांगतात. पण निळूभाऊंकडे डोळे होते, मान तिरकी करण्याची ती लकब होती, घशातून घासत येणारा आवाज होता. ३८४ ठिपक्यांच्या बाहुल्याकडे यातलं काय असतं? पापणी मिटायची तर दोन ठिपक्यांचा रंग बदलायचा, एवढंच. आवाज नाही, संवाद चौकटीत अक्षरांनी उमटणार. तरीही तीस वर्षांनंतर गेम खेळणारी मंडळी नकोशा, दयामाया न वाटणाऱ्या खलनायकांची नावं घेतात तेव्हा हे बाहुलं अजून पहिल्या फळीत असतं. हे कसं साधलं, हा मला त्या काळातल्या तंत्राइतकाच लेखनाचाही चमत्कार वाटतो.

आधी थोडं मागे जाऊ. जपानी रोल-प्लेइंग गेममधले सुरुवातीचे खलनायक निष्कारण वाईट असत, आणि त्याचं मुख्य कारण जागेची टंचाई हे होतं. १९८६ चा पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला होता. आज मोबाइलवर आलेला साधा फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो. एवढ्याशा जागेत नकाशे, राक्षस, संगीत आणि संवाद कोंबल्यावर खलनायकाच्या बालपणाला जागा कुठून मिळणार? तिथला ड्रॅगनांचा राजा फक्त शेवटी भेटतो आणि अर्धं जग तुला देतो, माझ्या बाजूला ये, असा सौदा पुढे करतो. होय म्हणाल तर फसाल. त्याच्याविषयी याहून जास्त काही कळत नाही, आणि कळायची गरजही कुणाला वाटली नाही.

पुढच्या काही वर्षांत कार्ट्रिज वाढत गेली आणि खलनायकांना भूतकाळ मिळू लागला. १९९१ च्या 'फायनल फँटसी ४' मध्ये काळ्या चिलखतातला गोल्बेझ सगळा खेळभर दहशत माजवतो आणि अखेरीस निघतो नायकाचा थोरला भाऊ, दुसऱ्याच कुणाच्या मोहिनीखाली वागणारा. म्हणजे त्याला क्षमा करायला वाट मोकळी. सहाव्या भागाच्या वेळी कार्ट्रिज २४ मेगाबिटचं, म्हणजे तीन मेगाबाइटचं होतं, 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या जवळजवळ पन्नासपट. जागा होती, मालिकेत पायंडाही पडला होता. केफ्काला एक दुःखी बालपण देणं सहज शक्य होतं. ते दिलं नाही, हा निर्णय होता.

किंवा, अधिक नेमकं सांगायचं तर, एक कारण दिलं आणि ते लपवून ठेवलं. साम्राज्याच्या राजधानीत, व्हेक्टर नावाच्या शहरात, एक गुत्ता आहे. तिथे बसलेल्या एका माणसाशी बोललात तर तो सांगतो की माणसाच्या अंगात जादू भरण्याचा प्रयोग सर्वांत आधी केफ्कावर झाला, तेव्हा ती पद्धत कच्ची होती, आणि त्यात त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलं. बस. दोन-तीन वाक्यं. त्या माणसाशी बोलणं सक्तीचं नाही. गुत्त्यात न शिरता पुढे गेलात तर सगळा खेळ संपेपर्यंत हे तुम्हाला कळणारही नाही. खलनायकाचं संपूर्ण स्पष्टीकरण एका अनोळखी बेवड्याच्या तोंडी घालून कोपऱ्यात ठेवून देणं, याला फार मोठा आत्मविश्वास लागतो. दुसऱ्या एखाद्या लेखकानं यावर अर्ध्या तासाचा अश्रुपूर्ण प्रसंग उभा केला असता.

बरं, ज्यांना ते कळतं त्यांनाही केफ्काची कीव करायची सोय ठेवलेली नाही. सेलीस नावाची स्त्री सेनापती आहे. तिच्याही अंगात लहानपणीच जादू भरलेली. ती याच साम्राज्यासाठी लढलेली, रक्त सांडलेली. पण तिला एके दिवशी हे सगळं सहन होत नाही आणि ती बंड करते. तिसरा सेनापती लिओ. त्यानं जादू घ्यायलाच नकार दिला आहे, तो शत्रूच्या प्राणांची किंमत जाणतो आणि आपल्या शिपायांनाही विनाकारण मरू देत नाही. एकाच दरबारातली ही तीन माणसं. प्रयोगाला दोष द्यावा तर सेलीस आडवी येते. साम्राज्यानं असं घडवलं म्हणावं तर लिओ समोर उभा. लेखकांनी केफ्काच्या सुटकेच्या वाटा एकेक करून बुजवल्या आहेत, आणि त्या बुजवण्यासाठी भाषण नव्हे, माणसं वापरली आहेत. खलनायक रंगवायचा तर त्याच्या शेजारी कोण उभा करायचा हे आधी ठरवावं, हा धडा मी या तिघांकडून घेतला.

आता दोमा किल्ल्याचा प्रसंग. साम्राज्याचा वेढा पडला आहे. लिओला सम्राटाकडून बोलावणं येतं, तो तळ सोडून निघतो. त्याची पाठ वळताच केफ्का किल्ल्याला पाणी पुरवणाऱ्या नदीत विष ओतायचं ठरवतो. एक शिपाई चाचरत सांगतो की आत आपलीही माणसं कैदेत आहेत. केफ्काला त्याचं काही नाही. विष ओतलं जातं. किल्ल्याच्या भिंतीवर उभी असलेली माणसं जागच्या जागी कोसळायला लागतात. सायन हा तिथला निष्ठावान योद्धा वाचतो. राजा त्याच्यासमोर प्राण सोडतो. मग तो स्वतःच्या खोलीकडे जातो. बायको गेली आहे. मुलगा पलंगावर आहे, क्षणभर वाटतं झोपला असावा, आणि तोही खाली घरंगळतो.

हे सगळं त्याच सोळा बाय चोवीसच्या बाहुल्यांनी केलेलं. माणूस पडतो म्हणजे उभं चित्र जाऊन आडवं येतं. पण याआधी काही तास याच केफ्कानं आपल्याला हसवलेलं असतं. फिगारो किल्ल्याला त्यानं आग लावली होती तेव्हा किल्लाच वाळूत बुडी मारून निसटला होता आणि हा हात चोळत राहिला होता. तोवर तो वैताग होता, धोका नव्हता. बुटांवरची वाळू झटकायला लावणारा माणूस आणि नदीत विष ओतणारा माणूस हे एकच आहेत, त्याच्या मनात या दोन कृत्यांचं वजन सारखंच आहे, हे दोमापाशी आपल्या डोक्यात लख्ख होतं. तिथे पोटात खड्डा पडतो. क्रूरता दाखवायची म्हणून रक्ताचे पाट वाहवणारे खलनायक पुष्कळ आहेत, ते विसरले जातात. केफ्काचं भय त्याच्या क्षुद्रपणातून आलेलं आहे. मोठं दुःख, मोठा आदर्श, मोठा सूड असं त्याच्याकडे काहीच नाही, आणि क्षुद्र माणसाच्या हाती सत्ता आली की काय होतं हे समजायला कुणालाही काल्पनिक जगाची फोड करून सांगावी लागत नाही.

आणि ते हसू. जपानबाहेरच्या खेळाडूंनाही अजून छळणारं ते चिरकं, वेगात उकळणारं हसू. सुपर फॅमिकॉममध्ये आवाजासाठी वेगळी चिप होती. ती सोनीतल्या केन कुतारागी यांनी घडवलेली, तेच कुतारागी ज्यांना पुढे प्लेस्टेशनचा जनक म्हणून जग ओळखू लागलं. एका वेळी आठ आवाज वाजवण्याची तिची क्षमता, आणि आवाजाचे नमुने, सूर, सगळं ठेवायला मेमरी फक्त ६४ किलोबाइट. व्हायोलिनचा नमुना हवा, ढोलाचा हवा, तलवारीचा खणखणाट हवा, तर ते सगळं याच इवल्याशा डब्यात. अशा काटकसरीत कुणा एका पात्राच्या हसण्यासाठी जागा काढणं ही चैन होती. खेळात नायक-नायिका मुके, राजे मुके, आईबाप मुके. सगळे अक्षरांत बोलतात. ज्याचं हसू कानांनी ऐकू येतं असा हा एकटा. संवादाची चौकट उघडण्याआधी ते हसू वाजतं आणि खेळणाऱ्याला कळतं की आता काहीतरी वाईट घडणार. कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटावी तसा इथे राग सुटतो, अगदी यांत्रिकपणे.

कितासे यांनी निहोन विद्यापीठात सिनेमाचं शिक्षण घेतलेलं. ते खेळभर जाणवतं, पण सर्वांत जास्त जाणवतं तरंगत्या भूखंडावर. जगातली सगळी जादू ज्यांच्या समतोलावर उभी आहे अशा तीन देवतांच्या मूर्ती तिथे आहेत. सम्राट गेस्टाल तिथे पोचला आहे, सोबत केफ्का. आजवरच्या अशा खेळांच्या नियमाप्रमाणे सम्राट हाच अखेरचा शत्रू असायला हवा, आणि खेळानं इथवर तसंच भासवलेलं आहे. केफ्का मूर्तींच्या मधोमध जाऊन उभा राहतो. सम्राट घाबरून त्याच्यावर जादू फेकतो, ती लागत नाही. मग केफ्का आपल्याच धन्याला मारतो आणि भूखंडाच्या कडेवरून खाली ढकलून देतो. नंतर एकेक मूर्ती सरकवायला लागतो, घरात सामान हलवावं तशी.

इथे सिनेमा आणि खेळ यांच्यातला फरक कामाला येतो. सिनेमात आपण बघणारे. खेळात आपण तासन्‌तास स्वतःच्या हातांनी ही माणसं चालवलेली, त्यांना बळ मिळवून दिलेलं, शस्त्रं घेऊन दिलेली. आणि नेमक्या या क्षणी कंट्रोलरवरची बटणं काही करत नाहीत. दाबा, काही होत नाही. फक्त बघा. मग अचानक ताबा परत मिळतो, पडद्यावर सहा मिनिटांचं घड्याळ उलटं धावायला लागतं, आणि पळत सुटायचं. त्यातही एक चिमटा आहे. शॅडो नावाचा साथीदार मागे राहिलेला असतो. उडी मारण्याआधी त्याच्यासाठी घड्याळ जवळजवळ संपेपर्यंत थांबलात तर तो जगतो. घाईत उडी मारलीत तर कायमचा जातो, आणि तो का गेला हे खेळ तुम्हाला धड सांगतही नाही. केफ्काच्या कर्माचा एक छोटा वाटा तुमच्या खात्यावर टाकला जातो.

त्यानंतर जमीन फाटते. ज्या नकाशावर आपण इतके तास वावरलो, जिथले रस्ते पाठ झाले, तो नकाशाच मोडतो. एका वर्षानं सेलीसला एका ओसाड बेटावर जाग येते. सोबतीला सिड नावाचा एक म्हातारा, आजारी. त्याच्यासाठी मासे पकडायचे, चांगले मासे निवडून भरवायचे. चुकलात तर तो मरतो, आणि सेलीस कड्यावरून स्वतःला झोकून देते. ती वाचते, पण १९९४ सालच्या, मुलांच्या हाती सर्रास जाणाऱ्या खेळात हे होतं, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. पुढे मोब्लिझ गाव लागतं. केफ्का आपल्या मनोऱ्यावरून किरण सोडून गावं जाळतो, आणि इथल्या मोठ्या माणसांनी मुलांना वाचवताना जीव दिलेला. उरली आहेत ती फक्त पोरं.

माझ्या मते खलनायकाचा तिरस्कार निर्माण करण्याचं याहून अस्सल हत्यार गेमकडे दुसरं नाही. त्यानं पात्रांचं काय घेतलं ते दाखवा, पण त्याहून आधी खेळणाऱ्याचं काय घेतलं ते दाखवा. त्याचा नकाशा, त्याचे साथीदार, त्याची मेहनत. मग पुढची अट सैल सोडा. विमान हाती आल्यावर केफ्काचा मनोरा तुमच्यासमोर उभा असतो. तीनच साथीदार घेऊन लगेच चढाई करायची तरी मुभा आहे. चौदाच्या चौदा जणांना जगाच्या कानाकोपऱ्यांतून शोधून काढायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. बहुतेकांना राहवत नाही, ते शोधत फिरतात. म्हणजे द्वेषाच्या जोडीला माणसं गोळा करण्याची ओढही हा खलनायकच लावतो.

चार वर्षांनी दुसऱ्या एका जपानी मालिकेनं हाच प्रश्न वेगळ्या बाजूनं सोडवला. कोनामीचा 'सुइकोदेन २', प्लेस्टेशनसाठी, १७ डिसेंबर १९९८. लेखन-दिग्दर्शन योशिताका मुरायामा यांचं. ही मालिका चीनच्या जुन्या बंडखोरांच्या कथेवर बेतलेली, म्हणून तिच्यात जमवायचे असतात १०८ सोबती. इथला खलनायक हायलँडचा युवराज, लुका ब्लाइट. शेजारी राज्यांशी शांतता करार झालेला आहे. दुसऱ्या दिवशी घरी निघायच्या आनंदात कोवळ्या पोरांची एक तुकडी छावणीत झोपली आहे. लुका आपल्याच या पोरांची कत्तल करवतो आणि खापर शत्रूवर फोडतो, युद्ध पुन्हा पेटावं म्हणून.

केफ्का जिथे हसवत हसवत घेरतो, तिथे लुका पहिल्यापासून वादळ आहे. एका जाळलेल्या गावात एक बाई त्याच्यापुढे प्राणांची भीक मागते. तो म्हणतो, डुकरासारखी वाग, मग सोडीन. ती चार पायांवर होते, डुकराचा आवाज काढते. तो खूष होऊन हसतो आणि तिला मारून टाकतो. हा प्रसंग ज्यानं एकदा पाहिला तो विसरत नाही. लुकालाही कारण आहे. लहानपणी त्याच्या आईवर शत्रूच्या माणसांनी अत्याचार केले आणि बाप पळून गेला. पण हे खेळ ओझरतं सांगतो, आणि सांगितल्यावरही ती डुक्कर झालेली बाई डोळ्यांपुढून हलत नाही. कारण कळलं म्हणून माफी मिळत नाही, हे मुरायामांनी इतक्या थंडपणे मांडलं आहे की मला ते केफ्काच्या गुत्त्यापेक्षाही अवघड काम वाटतं.

मग त्याला मारायचं कसं? एरवी या खेळात लढाईला सहा जण उतरतात. लुकासाठी तीन तुकड्या लागतात, प्रत्येकी सहा, एकामागून एक. अठरा जण एका माणसावर. तुमचे ठेवणीतले योद्धे एका तुकडीत घालून भागत नाही, चांगली शस्त्रं तिन्हीकडे वाटावी लागतात, आणि तरीही तो एका फटक्यात दोघा-तिघांना लोळवतो. अठरांनी मारल्यावरही तो उभाच. रात्रीच्या अंधारात एका झाडाखाली त्याला लाकडी ताईत सापडतो, तो उघडतो, आतून काजवे बाहेर पडतात आणि त्या उजेडाच्या रोखानं तिरंदाज बाण सोडतात. एवढं झाल्यावर शेवटचं द्वंद्व, नायक आणि तो. द्वंद्वात तीनच डाव असतात, दगड-कात्री-कागदासारखे एकमेकांवर कुरघोडी करणारे, आणि पुढचा डाव ओळखायचा तो प्रतिस्पर्ध्याच्या बोलण्यावरून. म्हणजे जगायचं असेल तर या माणसाचं ओकणं लक्षपूर्वक ऐकावंच लागतं. मरताना तो पश्चात्ताप करत नाही. मला मारायला शेकडो लागले, मी हजारांना मारलं, अशा आशयाची बढाई मारत जातो.

गंमत अशी की लुका मरतो तेव्हा कथा संपलेली नसते. त्याची गादी येते जोवीकडे, नायकाच्या जिवलग मित्राकडे, जो चांगल्या हेतूनंच शत्रूच्या बाजूला गेलेला आहे. त्याच्याशी लढताना हात कापतात. लुकाला दयेचा एकही थेंब न देणं हा हिशेब होता, खेळणाऱ्याची सगळी दया पुढच्या माणसासाठी साठवून ठेवण्याचा.

वेगळ्या वाटाही आहेत. कितासे यांनीच १९९७ च्या सातव्या भागात सेफिरोथला सविस्तर भूतकाळ दिला आणि त्याच्यासाठी हळहळणारे चाहते जगभर तयार झाले. शिगेसातो इतोई, एरवी जपानचे नामांकित जाहिरात-लेखक, त्यांच्या 'मदर ३' मध्ये २००६ साली पोर्की नावाच्या दुष्ट पोराला कुणी मारतच नाही. त्याच्यासाठी एक संपूर्ण सुरक्षित कुपी बनवलेली असते, आत शिरलेल्याला कुणी इजा करू शकत नाही, पण आतून बाहेरही कधी येता येत नाही. तो आत शिरतो. जिंकला की हरला, तुम्हीच ठरवा. आणि २०१६ च्या 'पर्सोना ५' मध्ये पहिला खलनायक कोण, तर शाळेतला खेळाचा मास्तर. ऑलिंपिक पदकविजेता, म्हणून शाळा त्याच्याकडे डोळेझाक करते. पोरांना मारतो, मुलींना छळतो. त्याचा राग यायला कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही, फक्त रोज सकाळी त्याच्याच शाळेत जावं लागतं.

केफ्काकडे परत येतो, कारण शेवट त्याचा फार बारकाईनं केलेला आहे. त्याला सगळं मिळालं आहे. तो देव झाला आहे. आता हवं असं काही उरलेलं नाही, म्हणून तो मोडत बसला आहे. नायक मंडळी मनोऱ्यावर पोचतात आणि एकेक जण सांगतो की या मोडक्या जगातही आपल्याला जगण्यासारखं काय सापडलं. कुणाला प्रेम, कुणाला कुटुंब, कुणाला सोबती. लिहायला घेतलं तर हे भाबडं होण्याचा धोका होता. तो धोका केफ्काच निभावून नेतो, या बोलण्याची टर उडवून. भाबडेपणावर ताशेरा मारायचं काम खलनायकाकडे दिल्यावर नायकांना मनापासून बोलायची मोकळीक मिळते. अशी युक्ती मी छापील कादंबऱ्यांतही क्वचित पाहिली आहे.

त्यानंतरच्या लढाईला उएमात्सुंनी चार खंडांची रचना दिली, 'डान्सिंग मॅड'. चर्चमधल्या ऑर्गनसारखे सूर, मध्येच केफ्काचं हसू, आणि ध्वनिमुद्रिकेवर सतरा मिनिटांच्या आसपास लांबी. तीही त्याच आठ आवाजांच्या चिपवर. लढाईचे थर एकावर एक रचलेले, खालून वर चढत जाणारे, चर्चमधल्या शिल्पांची आठवण करून देणारे, आणि सर्वांत वर पंख लावलेला केफ्का. विदूषकानं देवाचा वेष चढवला आहे. चेहऱ्यावरचा रंग मात्र पुसलेला नाही.

मालिकेनं त्याला नंतरही बोलावलं. २००८ च्या 'डिसिडिया' मध्ये त्याला शिगेरू चिबा यांचा खराखुरा आवाज मिळाला. पण मला त्याहून आवडली ती जानेवारी २०१८ मधली त्याची हजेरी, ऑनलाइन चालणाऱ्या 'फायनल फँटसी १४' मध्ये. तिथे आठ जण मिळून त्याच्याशी लढतात. या खेळात एक अलिखित करार असतो. शत्रूचा वार कुठे पडणार हे आधी खुणेनं दिसतं, आणि खेळाडूंनी वर्षानुवर्षं त्या खुणेवर विश्वास टाकलेला असतो. केफ्का तो करारच मोडतो. त्याच्या काही खुणा खऱ्या, काही खोट्या. खोटीसोबत प्रश्नचिन्ह झळकतं, आणि ते दिसलं की खूण सांगते त्याच्या बरोबर उलट वागायचं. गडबडीत प्रश्नचिन्ह नजरेतून सुटलं की सुरक्षित म्हणून जिथे उभे राहिलात तिथेच वार पडतो, आठातले तीन-चार जण एकदम आडवे होतात, आणि तो हसतो.